तहानेचा हिशेब कोणीं मांडावयाचा?

आमच्या सुशिक्षित वर्गांत दुष्काळाविषयीं बोलण्याची एक ठराविक रीत आहे. चैत्र उलटला कीं वर्तमानपत्रांत भेगाळलेल्या जमिनीचें छायाचित्र येतें. त्या भेगांच्या मधोमध डोक्यावर दोन हंडे घेतलेली एक बाई उभी असते. आणि खालीं घोटभर पाण्यासाठीं चाललेल्या वणवणीचा एक करुण मथळा असतो. आम्ही चहाचा पेला क्षणभर खालीं ठेवून हळहळतों, पावसाला बोल लावतों, फारच सहृदय असलों तर एखाद्या मदतनिधीस शे-पांचशें रुपये पाठवितों, आणि मृगाचा पहिला शिडकावा झाला कीं तो विषय मिटवून टाकतों. ह्या सर्व हळहळीत एक प्रश्न आम्ही कधीं विचारीत नाहीं. तो हा कीं, त्या बाईच्या हंड्यांतील पाण्याला भाव काय पडला, आणि तो पैसा कोणाच्या खिशांत गेला?

हा प्रश्न विचारण्याचा धंदाच ज्यानें आयुष्यभर केला अशा एका पत्रकाराविषयीं, आणि त्याच्यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांविषयीं, आम्हांस येथें कांहीं लिहावयाचें आहे. पालगुम्मी साईनाथ हें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. मार्च २०१३ मध्यें, ज्याची तुलना अनेकांनीं १९७२ च्या दुष्काळाशीं केली त्या टंचाईच्या ऐन भरांत, ते जालना जिल्ह्यांत आले आणि चेन्नईहून निघणाऱ्या 'हिंदु' पत्रांत त्यांनीं टँकरच्या व्यापारावर एक लेख लिहिला. त्या लेखांत हळहळ अगदीं थोडी आहे. टँकर बनविणारे राहुरीकडील कारखाने, त्यांस लागणारा पत्रा, गाड्यांच्या फेऱ्या आणि पाण्याचे दर ह्यांनींच तो भरलेला आहे. जालना शहरांत व आसपास टँकर, ट्रक, ट्रॅक्टर मिळून बाराशेंच्या आसपास वाहनें पाणी वाहात आहेत. प्रत्येकाच्या दिवसाला सुमारें तीन फेऱ्या. फेरीस सरासरी ५,००० लिटर. आणि हजार लिटरांस भाव ३५० रुपयांचा. गुणाकार करावा म्हणजे रोजची उलाढाल ६० लाखांच्या वर जाते. निरनिराळे दर धरले तर ती ७५ लाखांपर्यंत पोंचते. एका जिल्ह्यांत, एका दिवसांत! हा आंकडा सरकारी दप्तरांतला नव्हता, अंदाजाचाच होता. परंतु तो कसा बांधला हें लेखकानें उघड सांगितलें होतें, आणि ज्याला तो खोटा वाटे त्याला स्वतः रस्त्यावर उभें राहून गाड्या मोजण्याची मोकळीक होती.

हा हिशेब आपण थोडा पुढें नेऊं. हजार लिटरांस ३५० रुपये म्हणजे लिटरास ३५ पैसे. ऐकावयास क्षुल्लक रक्कम. पांच माणसांच्या कुटुंबानें माणशीं २० लिटरांत पिणें, रांधणें, अंघोळ, धुणें, भांडीं सर्व कांहीं उरकलें असें धरलें (शहरांतील आमच्या घरीं एकट्याच्या अंघोळीस तेवढें लागतें) तरी दिवसाचे ३५ रुपये झाले. त्या वर्षीं महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामावरील मजुरीचा दर १४५ रुपये होता. म्हणजे उन्हांत खडी फोडून मिळालेल्या मजुरीचा जवळ जवळ चौथा हिस्सा पाण्यांत गेला. पैसा पाण्यासारखा वाहातो असें आम्ही श्रीमंतांविषयीं म्हणत आलों. येथें मजुराचा पैसा पाण्यापायीं वाहात होता. आणि हा झाला घाऊक भाव. ज्याच्या घरीं जमिनींत बांधलेला हौद आहे तो आख्खा टँकर रिता करून घेतो. ज्याच्या खोपटांत एक पिंप आणि दोन हंडे आहेत तो पिंपावारी घेतो. आणि किरकोळीचा भाव घाऊकीहून चढा असतो हें कोणत्याही वाण्याच्या दुकानांत कळण्यासारखें आहे. तेव्हां जो अधिक गरीब त्याला पाणी अधिक महाग, असा हा उफराटा न्याय. ह्याच काळांत उसास कालव्याचें पाणी मिळे तें क्षेत्राच्या व हंगामाच्या पट्टीनें, लिटरानें नव्हे. आणि राज्याच्या एकंदर पिकाखालील जमिनीपैकीं चार टक्क्यांच्या आंत-बाहेर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकीं सत्तर टक्क्यांच्या आसपास पितो, हें केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेंच सांगून ठेवलें आहे.

मराठवाड्यांतील म्हातारीं माणसें एक गोष्ट नेहमीं सांगतात. बहात्तरसालीं खावयास अन्न नव्हतें, पण विहिरींत पाणी होतें. आतां दुकानांत धान्य आहे आणि विहीर कोरडी आहे. ह्या एका वाक्यांत चाळीस वर्षांचा इतिहास आला. बहात्तरच्या दुष्काळानें महाराष्ट्राला एक मोठी गोष्ट दिली. वि. स. पागे ह्यांच्या आग्रहानें उभी राहिलेली रोजगार हमीची योजना १९७७ च्या कायद्यानें पक्की झाली, आणि काम मागणाऱ्यास काम देणें हें सरकारचें कर्तव्य ठरलें. पुढें २००५ सालीं केंद्रानें त्याच धर्तीवर कायदा केला. पण मधल्या काळांत जमिनीखालचें पाणी बोअरच्या नळीनें वर काढण्याची जी शर्यत लागली तिला असा आळा कोणी घातला नाहीं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची त्याचें तिच्याखालील पाणी, असा समज दृढ झालेला. महाराष्ट्रानें अलीकडे भूजलाच्या नियमनाचा कायदा केला आहे खरा. तथापि सहाशें फुटांवर पाणी लागलेल्या मनुष्यास तें टँकरवाल्यास विकण्यापासून त्या कायद्यानें कितीसें परावृत्त केलें, हें उन्हाळ्यांत जालन्याच्या कोणत्याही रस्त्यावर पाहून घ्यावें. दुष्काळांत पाणी सर्वस्वीं नाहींसें होत नाहीं. तें महाग होतें, आणि ज्याला ती किंमत परवडत नाहीं त्याच्यापुरतें नाहींसें होतें. साईनाथांनीं जालन्यांत येऊन दाखविलें तें एवढेंच. पण तें दाखविण्यास रस्त्यावर उभें राहावें लागतें.

आतां ह्या प्रकारच्या लेखनावर जे आक्षेप येतात त्यांकडे वळूं.

पहिला आक्षेप व्यापारी बुद्धीचा आहे आणि तोच सर्वांत बळकट आहे, म्हणून त्याला आधीं हात घालतों. आक्षेपक म्हणतात कीं, टँकरवाला कांहीं चोर नव्हे. नगरपालिकेचा नळ आठ आठ, पंधरा पंधरा दिवस कोरडा असतांना लोकांच्या दारांत पाणी आणून टाकणारा तोच. त्याला चार पैसे सुटले तर बिघडलें काय? आमचें उत्तर असें कीं, टँकरवाल्यास कोणीही चोर म्हटलेलें नाहीं. त्यांच्यांत पुष्कळसे कर्ज काढून टँकर उभा केलेले, शेतीनें बुडविलेले साधे लोक असतात. प्रश्न त्या एकट्याच्या नीतीचा नाहीं. सार्वजनिक व्यवस्थेचें अपयश हें जेव्हां कोणाच्या तरी नियमित उत्पन्नाचें साधन होतें, तेव्हां त्या अपयशाला राखणदार मिळतात. गळकी जलवाहिनी लवकर दुरुस्त होऊं नये, तलावांतला गाळ निघूं नये, योजनेचें काम आणखी एक उन्हाळा रखडावें, अशी इच्छा कोणी बोलून दाखवीत नाहीं. पण तशी इच्छा असण्यास कारण असलेले लोक मात्र दरवर्षीं वाढत जातात. साईनाथांच्या १९९६ सालच्या ज्या पुस्तकानें त्यांचें नांव झालें त्याच्या मराठी अवताराचें नांवच 'दुष्काळ आवडे सर्वांना' असें आहे. पलामू, कलाहंडी, रामनाड अशा दरिद्री जिल्ह्यांतून, पुष्कळदां पायीं, हिंडून त्यांनीं जें पाहिलें त्याचें सार ह्या तीन शब्दांत आहे. आणि हें केवळ अवर्षणासच लागू आहे असेंही नाहीं. २०२५ सालीं ह्याच जालना जिल्ह्यांत, अंबड व घनसावंगी तालुक्यांत, अतिवृष्टीच्या अनुदानांत खोट्या नांवांवर पैसे उचलले गेल्याचें प्रकरण उघडकीस येऊन कांहीं तलाठी निलंबित झाले. पाऊस पडला नाहीं तरी आवडतो, फार पडला तरी आवडतो!

दुसरा आक्षेप असा कीं, हें लेखन केवळ दोष दाखविणारें आहे, त्यांत उपाय नाहीं. असें म्हणणारे लोक जालना जिल्ह्यांतीलच कडवंचीचें उदाहरण पुढें करतात. कडवंची गांवीं १९९० नंतरच्या दशकांत पाणलोटाचीं कामें झालीं, बांध घातले गेले, पुढें शेततळीं झालीं आणि जेथें कोरडवाहू पिकें होतीं तेथें द्राक्षें आलीं. तेव्हां रडगाणें गाण्यापेक्षां कडवंचीचा कित्ता गिरवा, असा हा उपदेश. कडवंचीविषयीं आम्हांसही आदर आहे. परंतु उपदेशकांच्या लक्षांत एक गोष्ट येत नाहीं. कडवंचीला कृषिविज्ञान केंद्राचे जाणते लोक वर्षानुवर्षें पाठीशीं होते, बाहेरून पैसा आला होता, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंतच्या सर्व शेतकऱ्यांनीं मिळून काम केलें होतें. एकेकट्या शेतकऱ्यास 'उद्यमी हो' म्हणून पाठीवर थाप मारल्यानें तें घडलेलें नाहीं. म्हणजे उपाय ठाऊक आहे, तो ह्याच जिल्ह्यांत यशस्वी झाला आहे, आणि तरीही शेजारच्या शेंकडों गांवांस तो लाभलेला नाहीं. तो कां लाभला नाहीं, त्यासाठीं आलेला पैसा कोठें मुरला, हें विचारणारा मनुष्य दोषैकदृष्टि ठरत असेल तर वैद्यानें नाडी पाहाणेंही दोषैकदृष्टीचेंच म्हणावें लागेल.

आणि हा आक्षेप महाराष्ट्रानें घ्यावा ह्याचें आम्हांस विशेष नवल वाटतें. दुष्काळाचा हिशेब मांडणें ही आमची जुनी विद्या आहे. १८७६-७८ च्या दुष्काळांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची माहिती गोळा करून सरकारपुढें ठेविली. १८९६ च्या दुष्काळांत 'केसरी'नें शेतकऱ्यास फॅमिन कोडांतील त्याचे हक्क समजावून सांगितले. जोतीराव फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो ह्या दोहोंच्या मधल्या काळांत, आणि कुलकर्ण्याच्या दप्तरांत शेतकऱ्याचें काय होतें तें उघडें केलें. जालना त्या काळीं निजामाच्या राज्यांत असल्यामुळें पुण्याच्या सभेचे हिशेब तेथवर पोंचत नसत, ही गोष्ट निराळी. पुढें दांडेकर आणि रथ ह्या जोडीनें १९७१ सालीं देशाच्या दारिद्र्याचें मोजमाप केलें तेंही पुण्याच्या गोखले संस्थेंत बसून. ह्या सर्वांस आम्ही थोर म्हणतों, त्यांच्या तसबिरी लावतों. आणि तेंच काम आज कोणी एक पत्रकार पायपीट करून करूं लागला कीं त्याला 'नकारात्मक' म्हणतों. हा शब्द अलीकडे फार बोकाळला आहे. ज्याला उत्तर सुचत नाहीं तो तो वापरतो.

तिसरा आक्षेप वर्तमानपत्रांच्या चालकांचा. दारिद्र्य रोजचेंच आहे, त्यांत ताजें काय, वाचकास तें नको असतें, असें त्यांचें म्हणणें. ह्यावर साईनाथ मुंबईच्या एका कपड्यांच्या जत्रेची हकीगत सांगतात. २००६ सालीं लॅक्मे फॅशन सप्ताहाची बातमी देण्यास ५१२ पत्रकार हजर होते आणि तेथें सुती कपड्यांचा मोठा गौरव चालला होता. त्याच वेळीं विदर्भांत कापूस पिकविणारे शेतकरी जीव देत होते आणि तेथें राष्ट्रीय पत्रांचे बातमीदार जेमतेम सहा. ह्या दोन संख्यांवर भाष्य करण्याची आम्हांस इच्छा नाहीं. फक्त एवढेंच विचारतों कीं, वाचकास नको होतें हें ह्या चालकांनीं वाचकास कधीं विचारलें? आमच्या वर्तमानपत्रांत चित्रपटांस स्वतंत्र बातमीदार आहे, क्रिकेटला आहे, शेअरबाजारास आहे. उपाहारगृहांतील पदार्थांची चव पाहून लिहिणाराही आहे. निर्देशांक पांचशें अंशांनीं घसरला कीं पहिल्या पानावर हाहाकार. तुरीचा भाव घसरला कीं आंतल्या पानावर चार ओळी. आणि तालुक्याच्या गांवचा बातमीदार, ज्याला पाण्याचा भाव, बोअरचा मालक आणि ठेकेदाराचा मेहुणा हे तिन्ही ठाऊक असतात, त्याची अवस्था काय? पुष्कळ ठिकाणीं त्याला पगार म्हणण्यासारखा पगार नसतो. जाहिराती मिळवून द्याव्या आणि त्यांवरील दलालीवर घर चालवावें. वाढदिवसाची जाहिरात ज्याच्याकडून आणावयाची त्याच्याच टँकरच्या फेऱ्या मोजावयाच्या, हें त्या बिचाऱ्यानें कसें करावें? साईनाथांच्या जालन्यावरील लेखास तेथील मराठी बातमीदारांच्या माहितीचा आधार होता. म्हणजे माहिती जालन्यांत होती. ती मराठींत होती. ती सांगण्याची उसंत आणि तें बळ मात्र चेन्नईच्या एका इंग्रजी पत्रानें पुरविलें. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळीं पैसे घेऊन छापलेल्या स्तुतीला बातमीचा वेष चढविण्याचा जो प्रकार महाराष्ट्रांत घडला, तो चव्हाट्यावर आणण्यांतही हेच गृहस्थ पुढें होते. तेव्हां वर्तमानपत्रांच्या चालकांचा त्यांच्यावर विशेष लोभ नसणें समजण्यासारखें आहे.

ह्या लेखनाची खरी कसोटी करुण कथांत लागत नाहीं, दप्तर वाचण्यांत लागते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न घ्या. राष्ट्रीय गुन्हेनोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत आत्महत्या करणाऱ्यांचा व्यवसाय नोंदलेला असतो. हे अहवाल कोणासही मिळण्यासारखे होते. साईनाथांनीं वर्षामागून वर्ष त्यांतील शेतकऱ्यांचा रकाना काढून बेरीज मांडली आणि १९९५ पासून २०११ पर्यंत अडीच लाखांहून अधिक शेतकऱ्यांनीं जीव दिल्याचें देशास सांगितलें. परंतु त्यांनीं तेथेंच न थांबतां, शेतकरी कोणाला म्हणावयाचें, हा पुढचा प्रश्न केला. सात-बाऱ्यावर ज्याचें नांव तो शेतकरी. बाई शेतांत उभा जन्म घालवते, पण जमीन सासऱ्याच्या नांवावर. तिनें विष घेतलें तर ती शेतकरी नव्हे, शेतकऱ्याची बायको. बटाईनें दुसऱ्याची जमीन कसणारा मेला तर तोही शेतकरी नव्हे. म्हणजे जीं घरें सर्वांत निराधार तींच मदतीच्या यादींतून गळणार. वाचक, एका रकान्याच्या व्याख्येंत एका विधवेचें भवितव्य कसें अडकलेलें असतें, हें आमच्या किती अग्रलेखांनीं समजावून सांगितलें आहे?

जालन्याला 'सोनेका पालना' म्हणण्याचा प्रघात जुना आहे, आणि तें खोटें नव्हे. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले ह्यांनीं येथें महिको ही बियाणांची संस्था काढली आणि गांवाचें नांव देशभर झालें. बारवाल्यांना १९९८ सालीं जागतिक अन्न पुरस्कारही मिळाला. पोलादाच्या सळ्यांचे कारखाने आहेत. मोसंबीच्या बागा आहेत. १९८१ च्या १ मे रोजीं औरंगाबादेपासून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरापासून, निराळा होऊन हा जिल्हा झाला तेव्हांपासून त्याच्या भरभराटीच्या हकीगती आम्ही ऐकत आलों. पण त्याच जिल्ह्यांतील मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी ह्या भागांतून दसरा-दिवाळी झाली कीं बैलगाड्या आणि ट्रक भरून माणसें ऊस तोडावयास बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' म्हणून मोजली जाते. ज्या उसानें पाणी प्यालें तोच तोडावयास, ज्यांच्या गांवीं पाणी नाहीं तीं माणसें जातात! पाळणा सोन्याचा असेल. त्याची दोरी कोणाच्या हातीं आहे तें पाहावें.

सप्टेंबर २०२३ मध्यें अंबड तालुक्यांतील अंतरवाली सराटी ह्या गांवाचें नांव घरोघर पोंचलें. तेथील उपोषणाच्या ठिकाणीं १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून देशांतील कॅमेरे त्या गांवच्या रस्त्यावर उभे राहिले. मराठा आरक्षणाच्या वादाचा न्याय आम्ही येथें करीत नाहीं. तो ह्या लेखाचा विषय नव्हे. आम्ही पाहात होतों तें निराळें. त्या कॅमेऱ्यांनीं भाषणें दाखविलीं, गर्दी दाखविली, पुढाऱ्यांच्या गाड्यांचे ताफे दाखविले. पिढ्यांगणिक वाटण्या होऊन दोन-तीन एकरांवर आलेली जमीन, कापसाला खर्चाच्या मानानें मिळालेला भाव, मुलाच्या शिकवणीची फी आणि ती भरूनही न मिळालेली नोकरी, ह्या गोष्टी दाखविण्यास त्यांना फारसा वेळ मिळाला नाहीं. ज्या लोकांच्या मनांतील आग इतकी पेटली तिचें सरपण वीस वर्षें कोठें रचलें जात होतें, हें सांगणारा बातमीदार त्या भागांत आधींपासून नेमलेला असता तर १ सप्टेंबरची बातमी वाचून आम्हां शहरी लोकांस इतका अचंबा वाटला नसता.

साईनाथांचें सर्वच आम्हांस मान्य आहे असें मात्र कोणी समजूं नये. त्यांच्या लेखनांत बाजाराविषयींचा संशय कधीं कधीं सिद्धांताचें रूप घेतो, आणि सहकारी संस्थांनीं व पंचायतींनीं स्वतः केलेली खाबूगिरी तितक्या कठोर हातानें ते फोडून काढीत नाहींत, असें आमचें मत आहे. दुसरें असें कीं, दहा राज्यांत फिरणारा पत्रकार कितीही सूक्ष्म दृष्टीचा असला तरी तो येतो, पाहातो, लिहितो आणि पुढें जातो. जालन्यांतील पाण्याचा भाव २०१४ सालीं काय झाला, २०१६ सालीं लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें तेव्हां काय होता, आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत मराठवाडाभर हजाराहून अधिक टँकर पुन्हां रस्त्यावर आले तेव्हां काय झाला, ह्याची सलग वही त्यांच्याकडे असणें शक्य नाहीं. ती ठेवणें हें त्यांचें कामही नव्हे. त्यांनीं २०१४ च्या डिसेंबरांत ग्रामीण भारताचें म्हणून जें दप्तर उघडलें त्यांतील वृत्तान्त मराठींतही येतात, ही चांगली गोष्ट आहे. इंग्रजी न जाणणाऱ्या ज्या लोकांविषयीं ते लिहितात त्यांस आपल्याविषयीं काय लिहिलें तें वाचतां येतें.

आमचा खरा रोष त्यांच्या विरोधकांवर जितका आहे तितकाच त्यांच्या भक्तांवर आहे. २००७ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळाल्यापासून व्याख्यानमालांच्या चालकांस ते फार हवेसे झाले. व्याख्यान होतें, सभागृह भरतें, शाल आणि श्रीफळ दिलें जातें, आणि 'डोळे उघडले' असें म्हणत मंडळी घरीं जाऊन ज्या वर्तमानपत्रांत जालन्याच्या पाण्याची ओळही नाहीं त्याचीच वर्गणी पुढील वर्षासाठीं भरतात. सरकारी सन्मान पत्रकारानें घेऊं नयेत अशी त्यांची भूमिका असून २०२१ मध्यें आंध्र सरकारचें पारितोषिक त्यांनीं नाकारलें. आमच्या टाळ्याही त्यांनीं नाकारल्या असत्या तर बरें झालें असतें, असें कधीं कधीं वाटतें. ज्याची स्तुति केली कीं आपलें कर्तव्य संपलें असें वाटतें, अशा मनुष्याची स्तुति हा एक सोयीचा आळस आहे.

आणि करावयाचें काम कांहीं अचाट नाहीं. गांवाला सरकारी टँकर मंजूर व्हावयाचा म्हणजे ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, गटविकास अधिकारी आणि तहसीलदार ह्यांची पाहणी लागते, आणि नंतर प्रत्येक फेरीची नोंद वहींत होऊन तिच्यावर गांवकऱ्याची सही व्हावी लागते. टँकर कोणाच्या मालकीचा, पाणी कोणत्या विहिरीवरून भरलें, ठरलेल्या फेऱ्यांपैकीं किती झाल्या, हें सर्व कागदावर असतें; आणि २००५ च्या माहितीच्या अधिकारानें तो कागद दहा रुपयांच्या अर्जावर मागतां येतो. खाजगी टँकरचा भाव कोणत्याही वहींत नसतो, पण तो शहराच्या नाक्यावर सकाळीं सातच्या सुमारास उभें राहिल्यास कानांवर पडतो. जालना, भोकरदन, अंबड, परतूर येथील एकेका बातमीदारास जाहिरातींच्या दलालीऐवजीं पगार देऊन, मार्गशीर्षांत विहिरी भरलेल्या असतांना हा भाव लिहून ठेवावयास सांगावें आणि वैशाखांत पुन्हां लिहावयास सांगावें, एवढा खर्च मराठी वर्तमानपत्रांस झेपण्यासारखा आहे. वर्गणीदारांनीं वर्गणी भरतांना संपादकांकडे ह्या दोन आंकड्यांची लेखी मागणी करावी. आमच्याकडे कोणी ते आंकडे पाठविल्यास आम्ही ते दर महिन्यास छापूं.